नवा फोन, जुनी निष्ठा: दोष ओळखण्यापासून फोन बदलून घेण्यापर्यंत

माझा आधीचा फोन त्याच कंपनीचा होता, त्याच्या आधीचाही, आणि त्याच्याही आधीचा. त्यामुळे चौथा हातात आला तेव्हा बॉक्स उघडला, सिम घातलं, जुन्यातलं सगळं नव्यात ओतलं आणि कामाला लागलो. तपासणी वगैरे काही केली नाही. घरच्या माणसाने दिलेले पैसे आपण मोजून घेत नाही, तसंच.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माझ्या मेसेजमधली अक्षरं गळायला लागली. आधी वाटलं, कीबोर्ड नवा आहे, अंगठ्याला सवय नाही. मग वाटलं, स्क्रीनगार्ड जाड असेल. मग वाटलं, एखादं अपडेट येईल आणि ठीक होईल. दोन आठवड्यांनी धाकट्या बहिणीने फोन हातात घेतला, होमस्क्रीनवरचा एक आयकॉन बोटाखाली दाबून धरला आणि सावकाश पडद्यावरून फिरवायला लागली. उजव्या कडेपासून बोटभर आत, पार खालच्या बाजूला आयकॉन सुटला. तिने पुन्हा उचलला, पुन्हा तिथेच सुटला. गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंदीची एक उभी पट्टी मेलेली होती. "दादा, तुझ्या अंगठ्याला उगाच दोष देतोयस," ती म्हणाली. विक्रेत्याकडून बदलून मिळायची मुदत दहा दिवसांची होती आणि तो चौदावा दिवस होता.

त्या चौदा दिवसांत मी फोनची बाजू जितक्या हिरिरीने मांडली, तितकी कंपनीच्या वकिलानेही मांडली नसती. आपला तो बाब्या! दुसऱ्या कंपनीचा फोन असता तर तिसऱ्या दिवशीच दुकानात जाऊन उभा राहिलो असतो. आवडत्या कंपनीचा फोन सदोष निघाला की आपण सबबी शोधतो, आणि आपण सबबी शोधत असताना परतीची मुदत संपून जाते. खालचं सगळं त्या चौदा दिवसांच्या फीमधून शिकलेलं आहे.

दोन मुदती, दोन वेगळी दारं

फोन घेतल्यावर दोन मुदती चालू होतात आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. पहिली विक्रेत्याची: फोन परत घेण्याची किंवा बदलून देण्याची. ही छोटी असते, काही दिवसांची, फार तर काही आठवड्यांची. दुसरी उत्पादकाची वॉरंटी, सहसा एक वर्ष किंवा त्याहून जास्त. पहिल्या मुदतीत गेलात तर नवा सीलबंद फोन किंवा पैसे परत मिळण्याची शक्यता असते. दुसऱ्या मुदतीत साधारणपणे दुरुस्तीच मिळते. म्हणजे सदोष निघालेला तोच फोन, उघडून, भाग बदलून, पुन्हा तुमच्या हातात.

याच्या वर कायदा आहे आणि तो देशागणिक बदलतो. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची जबाबदारी असते आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालासाठी उत्पादक आणि विक्रेता अशा दोघांवरही जबाबदारी येऊ शकते. कंपनीचं वॉरंटी कार्ड म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, एवढं ध्यानात असलं तरी काउंटरवर बोलताना आवाजात फरक पडतो.

म्हणून पहिली पायरी, बॉक्स उघडण्याच्याही आधीची: बिल काढा, परतीच्या शेवटच्या दिवसाची तारीख शोधा आणि तिच्या दोन दिवस आधीचा गजर लावा. गजर जुन्या फोनवर लावा. नव्याचा भरवसा अजून सिद्ध व्हायचाय.

पहिल्या दिवसांवर एवढा भर का, याला कारण आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडाचा आलेख बाथटबसारखा असतो: सुरुवातीला उंच, मग बराच काळ सपाट, शेवटी झिजेमुळे पुन्हा वर. कच्चं सोल्डर, नीट न बसलेला कनेक्टर, पडद्याचं सदोष पॅनेल ही मंडळी बहुधा सुरुवातीलाच रंग दाखवतात. फोन कोरा आहे म्हणून निर्धास्त असण्याचा हा काळ नाही.

बॉक्स उघडताना

एकसलग व्हिडिओ काढा. कट नको. सील, बॉक्सवरचं लेबल, फोन बाहेर येणं, चालू होणं आणि *#०६# दाबल्यावर पडद्यावर येणारा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळखक्रमांक), हे सगळं एकाच फितीत यायला हवं. बॉक्सवरचा, बिलावरचा आणि पडद्यावरचा आयएमईआय जुळतो का ते तिथल्या तिथे पाहा. जुळत नसेल तर पुढची एकही पायरी करू नका, फोन तसाच परत.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये अबाउटखाली मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर बघा. एम म्हणजे नवा, एफ म्हणजे कंपनीने पुन्हा तयार केलेला, एन म्हणजे कुणाच्या तरी बदली दिलेला, पी म्हणजे नाव वगैरे कोरून घेतलेला. नवा म्हणून घेतलेल्या फोनवर एफ किंवा एन दिसलं तर प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे.

स्क्रीनगार्ड आणि कव्हर दोन दिवस थांबू द्या. सांगितलं की लोक हसतात, पण निम्म्या खोट्या तक्रारी आणि निम्मे लपलेले दोष या दोघांच्या आड असतात असं माझं मत झालंय. गार्डची कड वरच्या सेन्सरवर आली की कॉलमध्ये पडदा विचित्र वागतो, कव्हरचं भोक जरा सरकलं की मायक्रोफोन अर्धा झाकला जातो. अतिनील दिव्याखाली चिकटवायचं द्रव डिंकाचं गार्ड तर सुरुवातीला नकोच. तो डिंक स्पीकरच्या जाळीत उतरला की दोष कुणाचा, हा वाद तुम्ही हरलात.

आणि जुना फोन पुसू नका, देऊन टाकू नका. निदान दोन आठवडे तो हाताशी हवा. नेटवर्क, वाय-फाय, आवाज, बॅटरी, सगळ्यांसाठी तोच तुमचा मापदंड. (जुना देऊन नवा घेण्याच्या योजनेत हाच मापदंड पहिल्या दिवशी हातचा जातो. सवलत सोडा असं म्हणत नाही, पण त्या सवलतीत हेही विकलं जातं, एवढं मनात असू द्या.)

पहिला तास: पडदा आणि टच

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण दुरुस्तीत सर्वांत महागडा भाग बहुधा हाच असतो.

लाल, हिरव्या, निळ्या, पांढऱ्या, काळ्या आणि राखाडी अशा एकरंगी प्रतिमा पूर्ण पडदाभर उघडा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर *#०*# दाबलं की चाचण्यांची यादीच उघडते, त्यात हे रंग असतात. काळ्यावर चमकणारा ठिपका किंवा पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला तर तो पिक्सेलचा दोष. आता खोलीत अंधार करा, ब्राइटनेस जवळपास शून्यावर आणा आणि गडद राखाडी रंग लावा. ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) पडद्याचे बहुतेक दोष इथेच उघडे पडतात: अर्धा पडदा हिरवट, अर्धा गुलाबी, मध्येच उभे पट्टे. थोडासा असमानपणा जवळपास प्रत्येक ओएलईडीत असतो, त्यावर रात्र जागवू नका. नेहमीच्या वापरात, नेहमीच्या ब्राइटनेसवर डोळ्याला खुपत असेल तर मात्र फोटो काढून ठेवा. एखादी बारीक रंगीत उभी रेघ कायम दिसत असेल तर तिथे असमानपणाचा प्रश्नच नाही, तो दोषच.

टचसाठी बहिणीची आयकॉनची युक्ती: दाबून धरायचा आणि पडद्याचा कोपरान् कोपरा सावकाश फिरवायचा. अँड्रॉइडवर याहून पक्की सोय आहे. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे 'पॉइंटर लोकेशन' चालू करा. बोट फिरेल तिथे रेघ उमटते. आडव्या-उभ्या रेघांनी पडदा भरून काढा. रेघ जिथे तुटते किंवा उडी मारते ती जागा संशयाची. पुन्हा-पुन्हा तिथेच तुटली तर संशय संपला.

एक फसवी गोष्ट. फोन चार्जिंगला असताना पडदा आपोआप दाबल्यासारखा वागला, तर आधी चार्जर काढून बघा. हलक्या प्रतीच्या चार्जरमधला विद्युत गोंगाट टचच्या थरात घुसतो आणि भुताटकी सुरू होते. चार्जर काढल्यावर भूत पळालं तर फोनवर आळ घेऊ नका.

मग आवाज, कॅमेरा आणि बाकीचं

फोनमध्ये मायक्रोफोन एक नसतो, दोन-तीन असतात, आणि साध्या कॉलमध्ये त्यातला खालचाच मुख्यतः कामाला लागतो. म्हणून एक कॉल करून 'येतोय का आवाज?' विचारलं की तपासणी झाली असं धरू नका. व्हॉइस रेकॉर्डरवर थोडं बोला, मागच्या कॅमेऱ्याने बोलत-बोलत व्हिडिओ काढा, पुढच्या कॅमेऱ्यानेही काढा, मग स्पीकरफोनवर कॉल करा. प्रत्येक वेळी वेगळा मायक्रोफोन पुढे येतो. एकच रेकॉर्डिंग पाण्याखालून आल्यासारखं वाटलं तर तोच मायक्रोफोन झाकलेला किंवा गेलेला.

कॅमेऱ्यासाठी भिंतीवर छापील मजकुराचा कागद सपाट चिकटवा आणि समोरून, सरळ फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं साधारण सारखी दिसायला हवीत. एकच कोपरा भुरकट आणि बाकीचे तीन स्वच्छ, तर भिंग तिरकं बसलंय. फोन हलवल्यावर आतून खुळखुळ आली तर घाबरू नका. हातकंप सावरणारं भिंग मोकळं असतं, त्याचा तो आवाज. कॅमेरा उघडून हलवलात आणि खुळखुळ थांबली की खात्री पटली.

वाय-फाय आणि नेटवर्कसाठी जुना आणि नवा फोन शेजारी-शेजारी ठेवून पाहा. दांड्या मोजू नका, त्या प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने काढते. एकाच जागी, एकच फाइल उतरवून वेळ पाहा. दोन्ही सिमचे खाच, ब्लूटूथ, जीपीएस, बोटाच्या ठशाचा सेन्सर, सगळी बटणं, कंपन: पाच मिनिटांचं काम आहे, उरकून टाका.

पहिले तीन दिवस: धीर धरायचा कशासाठी

नवा फोन पहिले दोन-तीन दिवस गरम होतो आणि बॅटरी भराभर खातो. पार्श्वभूमीला फोटो उतरत असतात, त्यांतले चेहरे आणि वस्तू ओळखल्या जात असतात, अॅप्स जुळवून घेत असतात. याला दोष म्हणू नका. चौथ्या दिवशीही फोन रिकामा पडून तापत असेल, किंवा रात्रभर न वापरता बॅटरी चांगलीच उतरत असेल, तर मात्र सेटिंग्जमधला बॅटरीचा तपशील उघडून कोणतं अॅप खातंय ते बघा. एखादं अॅप सापडलं तर काढून टाका, सुंठीवाचून खोकला गेला. काहीच सापडत नसेल तर नोंद ठेवायला लागा.

बॅटरी फुगण्याबाबत मात्र धीर अजिबात धरायचा नाही. मागची काच एका कडेने उचललेली दिसली, पडदा फुगीर वाटला, गोडसर रसायनाचा वास आला, की चार्जिंग बंद, फोन बंद. दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोचायचं नाही, कुरिअरने परस्पर पाठवायचंही नाही. न पेटणाऱ्या कडक पृष्ठभागावर ठेवून कंपनीला कळवा.

दोष फोनचा की सॉफ्टवेअरचा

काउंटरवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'अपडेट येईल, ठीक होईल.' कधीकधी ते खरंही असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो तापतो अशी ओरड झाली. अॅपलने त्याचं मुख्य कारण आयओएस १७ मधली चूक आणि काही अॅप्स असल्याचं सांगितलं, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला १७.०.३ या अपडेटमध्ये दुरुस्ती आली. उलट बाजूला एलजीचा जी४. तो चालता-चालता बंद पडून पुन्हा-पुन्हा सुरू व्हायच्या फेऱ्यात अडकायचा. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने मान्य केलं की आतल्या भागांची जोडणी सैल पडते. सैल जोडणी कुठल्या अपडेटने घट्ट होणार?

तुमचा फोन कुठल्या रांगेत बसतो हे घरीच बरंचसं ठरवता येतं. क्रम असा ठेवा. आधी उपलब्ध अपडेट घाला आणि फोन बंद करून चालू करा. मग सेफ मोड: अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर पॉवर मेन्यूतला 'बंद करा' हा पर्याय दाबून धरला की तो मिळतो, आणि त्यात तुम्ही घातलेली अॅप्स झोपलेली असतात. सेफ मोडमध्ये त्रास गेला तर गुन्हेगार एखादं अॅप. तिथेही राहिला तर डेटा सांभाळून फॅक्टरी रीसेट करा, आणि रीसेटनंतर जुना बॅकअप लगेच ओतू नका. कोऱ्या फोनवर तासभर वापरून बघा. कोऱ्यावरही तोच त्रास, त्याच जागी, तर दोष बहुतेक अंगचाच.

हे सगळं परतीच्या मुदतीच्या आत उरकायचं. 'पुढच्या अपडेटपर्यंत थांबा' असं कुणी म्हणालं तर एकच विचारायचं: "थांबतो. पण मुदत वाढवल्याचं लिहून द्याल का?" लिहून मिळालं तर थांबा. उत्तर गुळमुळीत आलं तर परतीची नोंद त्याच दिवशी करा.

पुरावा आणि तक्रार

दोष सेवाकेंद्रात दिसत नाही. हा नियम नाही, पण अनुभव म्हणाल तर दहातले नऊ जण हेच सांगतील. फोन थंड असतो, वातावरण निराळं असतं, तंत्रज्ञाकडे पाच मिनिटं असतात. म्हणून दोष दिसतो त्या क्षणाचा व्हिडिओ दुसऱ्या फोनवर काढा. पडद्याचं रेकॉर्डिंग पुरत नाही: टचची मेलेली पट्टी किंवा हिरवी रेघ स्क्रीनशॉटमध्ये येतच नाही, कारण स्क्रीनशॉट सॉफ्टवेअर काढतं आणि दोष काचेत असतो. हीच गोष्ट उलटीही वापरता येते. रेघ स्क्रीनशॉटमध्येही आली, आणि तो स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाहतानाही दिसली, तर दोष पडद्याचा नाही.

सोबत एक छोटी वही. तारीख, वेळ, काय करत होतो, चार्जिंगवर होता का, किती टक्के बॅटरी. चार ओळी जमल्या की त्यातून ओघ दिसतो. माझ्या फोनची पट्टी फोन तापल्यावर जास्त रुंद व्हायची, हे मला वहीनेच सांगितलं.

आता तक्रार. जॉब शीटवर, म्हणजे फोन जमा करताना सेवाकेंद्र भरतं त्या कागदावर, काय लिहिलं जातं यावर पुढचं सगळं ठरतं. पहिल्या खेपेला माझ्या कागदावर 'टच इश्यू' एवढंच लिहिलं गेलं, मी सही केली, आणि तीन दिवसांनी फोन परत आला: तपासला, दोष आढळला नाही. पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या खेपेला मी काउंटरवरच थांबलो.

"काय लिहू?" समोरच्या मुलाने विचारलं.

"उजव्या कडेपासून साधारण दीड सेंटिमीटर आत उभी पट्टी, टच लागत नाही. फोन तापल्यावर वाढते. सेफ मोडमध्ये आणि रीसेटनंतरही कायम. व्हिडिओ दाखवला."

"एवढं बसणार नाही साहेब."

"मागच्या बाजूला लिहा. मी दोन्हीकडे सही करतो."

त्याने हसत लिहिलं. तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्या पडद्यावर तक्रारीसाठी एक यादी होती आणि त्यात 'टच इश्यू' हाच शब्द होता. त्याच्याशी भांडून काही हाती लागलं नसतं.

त्याच कागदावर आयएमईआय, फोनची बाह्य स्थिती ('ओरखडा नाही, काच अखंड') आणि परतीची अंदाजे तारीख आहे ना बघा. स्थिती कोरी सोडली तर नंतरचा ओरखडा तुमच्या नावावर. फोन पाण्यात पडल्याचं कुणी म्हणालं तर ओलावा दाखवणारी खूणपट्टी प्रत्यक्ष दाखवायला सांगा: ती कोरडी असताना पांढरी असते आणि पाणी लागलं की लाल होते. आणि हो, आयपी६८ (पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा) छापलेलं असलं तरी पाण्याचं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही.

तोंडी आश्वासन मिळालं की घरी येऊन ईमेल लिहा: 'आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधीने असं सांगितलं, माझ्या समजुतीत चूक असल्यास कळवावं.' उत्तर नाही आलं तरी नोंद झाली. वरच्या पायरीवर जाताना एकच मागणी करा आणि ती पहिल्या ओळीत करा. 'फोन बदलून द्यावा' किंवा 'पैसे परत द्यावेत', जे हवं ते. मनस्तापाचं वर्णन शेवटी, जमल्यास दोन ओळींत.

फोन हातचा सोडण्याआधी

बॅकअप तर घ्याच. त्याआधी दोन गोष्टी ज्या हटकून राहतात: ओटीपीचे कोड देणारं ऑथेंटिकेटर अॅप जुन्या फोनवर हलवा, आणि ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं, काढता न येणारं सिम) असेल तर ते दुसरीकडे कसं जाईल हे आधी पक्कं करा. बँकेचं अॅप आणि नंबर दोन्ही सेवाकेंद्रात अडकले की आठवडा कसा जातो ते विचारू नका.

पासवर्ड कागदावर लिहून मागितला तर देऊ नका. सॅमसंगच्या फोनवर मेंटेनन्स मोड आणि गुगलच्या पिक्सेल फोनवर रिपेअर मोड असतो: तंत्रज्ञाला फोन तपासता येतो, तुमचे फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. अशी सोय नसेल तर फोन पुसूनच द्या.

परत मिळताना काउंटर सोडायचा नाही. तीच चाचणी, तीच जागा, तिथेच उभं राहून. बदली फोन मिळाला तर तो नवा की पुन्हा तयार केलेला, वॉरंटी नव्याने सुरू होते की उरलेलीच चालू राहते, हे विचारून लिहून घ्या. आयएमईआय बदललेला असेल तर नवा आयएमईआय कागदावर आला पाहिजे. विमा काढला असेल तर तिथेही कळवा, नाहीतर पुढचा दावा अस्तित्वात नसलेल्या फोनचा ठरेल. उघडून दुरुस्त केलेल्या फोनचं पाणीरोधक सील पहिल्यासारखं राहीलच असं धरून चालू नका.

माझा तिसऱ्या खेपेला बदलून मिळाला. सहा आठवडे गेले.

आता प्रश्न निष्ठेचा

पुढचा फोन त्याच कंपनीचा घ्यायचा का? एक फोन सदोष निघाला म्हणून कंपनी टाकाऊ होत नाही. कोट्यवधी फोन बनवताना काही वाईट निघणारच. बघायचं असतं ते दोष समोर आल्यावर कंपनी कशी वागली.

सॅमसंगचं उदाहरण बघा. गॅलक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला, बॅटऱ्या पेटायला लागल्या आणि २ सप्टेंबरला सुमारे २५ लाख फोन परत बोलावले गेले. बदली दिलेलेही पेटले. ऑक्टोबरमध्ये तो फोनच बंद झाला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं जाहीर केली: दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्या, दोन निराळे दोष. एकीच्या कोपऱ्यात आतले थर दाबले गेले होते, दुसरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. त्यासोबत बॅटरी तपासणीचे आठ टप्पेही जाहीर केले. सुरुवातीची घाई अक्षम्य होती, पण शेवट कागदावर मांडलेला होता, आणि गिऱ्हाईक फिरून आलं.

गुगलच्या पिक्सेल २ एक्सएलच्या पडद्यावर २०१७ मध्ये पहिल्या काही आठवड्यांतच आधीच्या चित्राच्या छटा उमटून राहायला लागल्या, तेव्हा वॉरंटी दोन वर्षांची केली गेली. अॅपलने जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम मंदावले जातात हे डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं, ओरड झाल्यावर माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर उतरवला आणि पुढच्या वर्षी बॅटरीची तब्येत सेटिंग्जमध्ये दाखवायला सुरुवात केली. सांगितलं उशिरा, पण सांगितल्यावर हातात काहीतरी दिलं. एलजीने मात्र २०२१ मध्ये फोनचा धंदाच आवरला. जी४ मुळेच आवरला असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण ज्यांचे फोन त्या फेऱ्यात अडकले त्यांनी पुढचा कुणाचा घेतला असेल याचा अंदाज बांधता येतो.

स्वतःला विचारायचे प्रश्न मी तीनच ठेवलेत. कंपनीने दोष मान्य केला का, की शेवटपर्यंत 'असं कुणाचंच होत नाही' हीच टेप वाजवली? दोष सिद्ध करायचा भार कुणी उचलला, मी की त्यांनी? आणि मी पुन्हा त्यांच्याकडे जातोय तो फोन आवडतो म्हणून, की फोटो, घड्याळ, इअरफोन, चार्जर सगळं तिथेच अडकलंय म्हणून? तिसऱ्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला सर्वात जड जातं. बाहेर पडणं त्रासाचं आहे म्हणून थांबलेल्या गिऱ्हाइकाला कंपनी तिच्या आकडेवारीत निष्ठावानच म्हणते. निदान आपण तरी स्वतःला तसं म्हणवून घेऊ नये.

दार थोडं किलकिलं ठेवायचं असेल तर साधे उपाय आहेत: फोटोंची एक प्रत कंपनीच्या क्लाउडबाहेर, पासवर्ड दोन्हीकडे चालणाऱ्या अॅपमध्ये, आणि सोबतच्या वस्तू कुठल्याही फोनशी जुळणाऱ्या. पुढचा फोन निवडताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी सुटे भाग किती वर्षं मिळणार ते बघा. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या फोनना हा नियमच आहे: विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग, पाच वर्षं अपडेट, आणि ८०० चार्जिंग फेऱ्यांनंतरही बॅटरीत ८० टक्के जीव. तुम्ही जगात कुठेही असा, हे आकडे हातात धरून कंपनीला प्रश्न विचारता येतात.

मी पुढचा फोन त्याच कंपनीचा घेतला. पाचवा. बदली फोन नीट चालला, आणि तिसऱ्या खेपेला ज्या बाईंनी माझं प्रकरण हातात घेतलं त्यांनी 'तुमचं बरोबर आहे' एवढं पहिल्याच वाक्यात म्हटलं होतं. या वेळी मात्र बॉक्स उघडताना बहीण समोर होती, व्हिडिओ तीच काढत होती, आणि सिम घालायच्या आधी आयकॉन पडदाभर फिरवून झाला होता. कुठेही सुटला नाही. तरी आठव्या दिवसाचा गजर मी लावूनच ठेवला, जुन्या फोनवर.